कोजंट मुद्दा कसा मांडावा

कोथरूडमधल्या आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत पुनर्विकासावर बोलायची पाळी आली आणि आपल्यापाशी सांगण्यासारखे एकही कारण नसले, तर मुळीच घाबरू नये. 'माझा मुद्दा अत्यंत कोजंट (cogent) आहे' एवढेच ठामपणे म्हणून खाली बसावे. या इंग्रजी शब्दाऐवजी मराठीत 'पटण्याजोगा' म्हटले की कोणीतरी 'कोणाला पटला?' असे विचारतो, आणि 'बिनतोड' म्हटले की तोड काढायला तिघांचे हात वर होतात. कोजंटचा अर्थ मात्र कोणी विचारत नाही, कारण तसे विचारणे म्हणजे तो आपल्याला ठाऊक नाही अशी भरसभेत कबुली देणे.

काही पथ्ये पाळावीत. 'कॉगंट' असा उच्चार करू नये. कोहिरंटशी गल्लत करू नये: बिल्डरचे माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सुसंगत, म्हणजे कोहिरंट, असते, पण बुद्धीला मान्य करायला लावण्याचे बळ त्यात असेलच असे नाही, आणि कोजंट म्हणजे नेमके ते बळ. हे विशेषण युक्तिवादाला, कारणाला, पुराव्याला लावावे. खिळवून ठेवणाऱ्या कादंबरीला कंपेलिंग म्हणावे, मिसळीला दोन्ही म्हणू नये. सभेत निवृत्त वकील असतील तर मात्र जपून राहावे, कारण न्यायालयांच्या निकालपत्रांत 'कोजंट एव्हिडन्स' वारंवार येतो आणि त्यांना पुरावा मागायची सवय असते.

शब्दाच्या कुळाची चौकशी होऊ देऊ नये. इंग्रजीत तो १७व्या शतकात आला तो लॅटिन 'कोगेरे'पासून, म्हणजे 'को' (एकत्र) आणि 'आगेरे' (हाकणे) यांपासून, आणि त्याचा मूळ अर्थ एकत्र हाकणे. कंपेलिंगही तशाच हाकण्यातून आलेला. (पर्सुएसिव्हचे, म्हणजे मन वळवणाऱ्याचे, दूरचे नाते आपल्या 'स्वादु'शी, म्हणजे गोडाशी, आहे, पण गोड लावून सांगण्याचे काम पेढ्यांचे पुडे घेऊन येणाऱ्या बिल्डरकडेच राहू द्यावे.)

एवढे करूनही मागच्या रांगेतून संस्कृतच्या एखाद्या निवृत्त शिक्षिका उठतील आणि 'आगेरे' व आपला 'अज्' हे सगोत्र धातू असून दोन्हींचा अर्थ हाकणे असा होतो, तेव्हा या सभेत गुरे कोण आणि गुराखी कोण, एवढे अध्यक्षांनी स्पष्ट करावे, अशी विनंती करतील. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांना ताबडतोब इतिवृत्त लिहायला बसवावे आणि चहा मागवावा.