प्रतिकारशक्ती कमी म्हणजे नेमकी कुठे?
क्षयेतर मायकोबॅक्टेरिया (क्षयाच्या जंतूंचे माती-पाण्यात राहणारे भाऊबंद) फक्त प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाच गाठतात, हे लेखातलं विधान पटलं नाही. ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार) असलेल्या, शिडशिडीत, उतारवयातल्या कित्येक स्त्रियांच्या फुफ्फुसांत हा संसर्ग होतो आणि रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती ठीकठाक दिसते. संसर्ग अंगभर पसरला तर मात्र गोष्ट वेगळी; तिथे बहुधा प्रतिकारशक्तीची एक ठरावीक साखळी तुटलेली असते. मॅक्रोफेज ही प्रतिकारशक्तीची पेशी जंतू गिळते, पण तो आत जिवंतच राहतो. मग ती इंटरल्युकिन-१२ हे निरोप देणारं प्रथिन सोडते, त्यावर टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) इंटरफेरॉन गॅमा हे दुसरं तसंच प्रथिन बनवतात आणि तेव्हा कुठे मॅक्रोफेजला जंतू मारायचं बळ येतं. ही साखळी जन्मजात जनुकदोषाने तुटते, एचआयव्हीत सीडी४ पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) दर मायक्रोलिटर रक्तात ५० च्या खाली गेल्यावर तुटते, आणि कधी शरीरच इंटरफेरॉन गॅमाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. हा शेवटचा प्रकार आधी धडधाकट असलेल्या प्रौढांतही सापडतो. एचआयव्ही निगेटिव्ह आला म्हणून शोध तिथेच थांबवू नका, ही कळकळीची विनंती.