सर्व्हिस किती झाली?

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या माझं नाव ‘कमांडर’ आहे. सुरुवात धाकट्या मेव्हण्याने केली. मग साडूंनी सलाम ठोकणाऱ्या पिवळ्या बाहुल्या पाठवल्या. काल तर सांगलीच्या विहीणबाईंनी, ज्यांनी मला आजवर ‘जेवण झालं का’ यापलीकडे काही विचारलेलं नाही, त्यांनीसुद्धा ‘जय हिंद सर’ लिहिलं. आठ दिवस झाले, प्रकरण विझत नाही. म्हणून माझी बाजू एकदा लिहून काढतो. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर द्यायची सवय आहेच.

आम्ही दोघं सध्या मुलाकडे ओहायोत आहोत, कोलंबस शहराच्या जवळ. ४ जुलैला, म्हणजे यांच्या १५ ऑगस्टला, संध्याकाळी बागेत बँड होता. मुलगा म्हणाला, ‘बाबा, चला, फुकट आहे.’ मला पटवायला तेवढं पुरतं.

बँड म्हणजे साठेक माणसांचा. व्हायोलिन नाही, तारेचं एकही वाद्य नाही. ढोल-झांजा सोडल्या तर सगळं फुंकायचं. क्लॅरिनेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि ज्यात लहान मूल सहज झोपेल असा ट्यूबा. वाजवणारे सगळे गावातलेच हौशी. ट्यूबावाला सुनेचा दातांचा डॉक्टर निघाला. तिच्या म्हणण्याप्रमाणे दवाखान्यात तो कधी हसत नाही. इथे गाल फुगवून लालबुंद झाला होता आणि जाम खूश होता. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या स्टँडला कपड्यांचे लाकडी चिमटे. हिने ते लगेच हेरलं. ‘अहो, आपल्याकडचेच चिमटे!’ पहिल्या ओळीतला ट्रॉम्बोनवाला दर गाण्यानंतर वाद्य तिरकं करून नळीतलं पाणी गवतावर सोडत होता. थुंकी नव्हे, श्वासाची वाफ आत थंड होऊन साचते, असं नातवाने सांगितलं. तरी ही पाय वर घेऊनच बसली.

मी सातारा जिल्ह्यातला माणूस. माझ्या डोक्यातला बँड बसत नाही, चालतो. त्याच्यापुढे ऐकणारे नसतात, नाचणारे असतात. मे महिन्यात मखमली कोट घालून क्लॅरिनेटवाला वरातीपुढे तीन तास घाम गाळतो, वराचे मित्र त्याच्या तोंडापुढे नोटा नाचवतात, आणि जेवायला त्याला शेवटच्या पंगतीला, तेही मांडवाच्या मागे. माझ्या स्वतःच्या लग्नात हेच झालं होतं आणि मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. इथे दंतवैद्य फुकट फुंकतो आणि गाव उभं राहून टाळ्या वाजवतं. आमचा क्लॅरिनेटवाला याच्यापेक्षा दसपट बरा होता, हे मी कोणाला सांगू?

बँडमास्तर शाळेतला निवृत्त संगीतशिक्षक. दर गाण्याआधी माहिती सांगायचा, नातू भाषांतर करायचा. त्यातून कळलं, की यांच्या राष्ट्रगीताची चाल मुळात लंडनच्या एका क्लबातल्या मंडळींच्या गाण्याची, जे पेले उंचावून म्हणायचे. ती १९३१ साली अधिकृत राष्ट्रगीत झाली. दुसरं एक देशभक्तिपर गाणं तर थेट इंग्लंडच्या राजाच्या गाण्याच्या चालीवर. म्हणजे राजाला हाकललं आणि चाल ठेवून घेतली. मी हसणार होतो, पण मग आठवलं, की आमच्या कचेरीतला किरकोळ रजेचा अर्जही साहेबाच्याच चालीवर होता. मग तोफांच्या आवाजाचं एक गाणं झालं, ते रशियनाने रशियाच्या विजयावर केलेलं. ४ जुलैला ते का वाजवतात, हे बँडमास्तरालाही सांगता आलं नाही. मोठा आवाज होतो, एवढं बहुधा पुरत असावं.

आता मुख्य प्रकार.

बँडमास्तर काहीतरी लांबलचक बोलला. नातू तेव्हा आइस्क्रीमच्या रांगेत, मुलगा त्याच्या मागे, सून फोनवर. त्यामुळे भाषांतर नाही. नंतर कळलं ते असं, की पुढच्या तुकड्यात इथल्या प्रत्येक सैन्यदलाचं गाणं एकामागून एक वाजतं आणि ज्याने ज्या दलात नोकरी केली त्याने आपलं गाणं आलं की उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पायदळाचं वाजलं, दहा-बारा उभे राहिले. मरीन्सचं वाजलं, चार म्हातारे ताडकन उठले. (ही चाल फ्रेंच विनोदी संगीतिकेतली आहे म्हणे. यांचं स्वतःचं काही आहे का?)

आम्हाला ज्या कापडी घडीच्या खुर्च्या दिल्या होत्या, त्यांत माणूस बसत नाही, झोळीतल्या बाळासारखा लोंबतो. तासभर लोंबल्यावर माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. ज्यांना येतो त्यांना माहीत आहे: उभं राहून पाय जमिनीवर रोवल्याशिवाय गत्यंतर नसतं. मी उभा राहिलो. ताठ. कळ अशी होती, की डोळ्यांत पाणी आलं. साडेसात वाजले तरी आपल्याकडचं चारचं ऊन. मुलगा कुठे दिसतो का म्हणून कपाळावर आडवा हात धरून बघितलं.

आणि त्याच क्षणी बँडने कोस्ट गार्डचं गाणं धरलं.

हे दल पायदळ-नौदलापुढे अगदी लहान, त्यामुळे त्याच्या गाण्याला बहुतेक ठिकाणी कोणीच उठत नाही आणि सगळ्यांची पंचाईत होते, हे मला मुलाने नंतर सांगितलं. तेवढ्या बागेत त्या गाण्याला उभा मी एकटा. मागून एक शिट्टी आली. मग टाळ्या. मग लोक वळून बघायला लागले आणि टाळ्या वाढल्या. गोळा उतरत आला होता, पण आपल्यावर संस्कार असे, की सूर देशभक्तीचा असेल तर मध्येच खाली बसायचं नाही. महाराष्ट्रात २००३ पासून सिनेमाच्या आधी राष्ट्रगीत लागतं. हातात समोसा असला तरी बावन्न सेकंद हललेलो नाही. इथेही हललो नाही. त्या गाण्याचं नाव लॅटिन आहे, अर्थ ‘सदैव तयार’. मी तटरक्षक! गाव दहिवडीजवळ, जिथे आम्ही पाणी टँकरमध्ये बघितलं. पोहता येत नाही. गेटवेहून घारापुरीला जाताना लाँचमध्ये मला उलटी झालेली आहे, आणि ती ग्रुपवरच्या निदान तिघांच्या अंगावर.

बसलो, तर शेजारच्या खुर्चीतला गृहस्थ उठून समोर आला. ऐंशीच्या आसपास, दोन्ही कानांत यंत्रं, टोपीवर व्हिएतनाम आणि नौदल अशी भरतकामाची अक्षरं. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, ‘थँक यू फॉर युअर सर्व्हिस.’

आता मला सांगा, मराठी माणसाला कोणी सर्व्हिसबद्दल बोललं तर त्याच्या तोंडून काय निघेल?

‘थर्टी फोर इयर्स,’ मी म्हणालो.

‘थर्टी फोर!’ त्याने बायकोला हाक मारली. तीही आली. कुठे होतात, असं त्यांनी विचारलं. मी बदल्यांच्या क्रमाने सांगितलं: फर्स्ट वडूज, देन दहिवडी, देन महाबळेश्वर, तिथे पाऊस फार. पूर्व किनारा की पश्चिम, असं त्याने विचारलं. माझ्या कानावर फक्त ‘वेस्ट’ पडलं. मी म्हटलं, ‘वेस्टर्न. वेस्टर्न महाराष्ट्र.’ त्याने समजल्यासारखी मान हलवली. ही मला चिमटे काढत होती. मला वाटलं, डास.

‘एनी ॲक्शन?’ त्याने आवाज खाली आणून विचारलं.

मी जरा चपापलो. परक्या माणसाने पहिल्याच भेटीत हे विचारावं? पण अमेरिकन लोक मोकळे असतात असं ऐकलं होतं. खरं ते सांगितलं. ‘वन टाइम. नाइन्टीन नाइन्टी फोर. बट आय केम आउट क्लीन.’ आवक नोंदवहीतली ती तीन पानं उंदरांनीच खाल्ली होती, हे मी आजही शपथेवर सांगेन, पण एवढं इंग्रजी ऐन वेळी सुचेना. त्याने डोळे मिटून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, काही गोष्टी बोलवत नाहीत, मला कळतं.

‘आम्ही फार चांगली माणसं गमावली,’ तो म्हणाला.

‘आमच्याकडेही,’ मी म्हणालो. ‘सगळी मंत्रालयात गेली.’

हे त्याला ऐकू गेलं नाही, कारण बँडने वायुदलाचं गाणं धरलं होतं. ते संपलं, नौदलाचं आलं, तो आपल्या गाण्याला उभा राहिला आणि गाणं थांबल्यावरही बराच वेळ उभाच. मग बसून त्याने सांगितलं, मेकाँगच्या मुखाशी नदीत गस्तीच्या बोटीवर होतो. एकोणीस वर्षांचा. बोटीवर चौघे होतो. पुढे बोलला नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की हा मला कोण समजतोय. मला घाम फुटला. ताबडतोब खुलासा करायचा ठरवून मी म्हटलं, ‘सर, मिस्टेक. आय वॉज इन ऑफिस.’

‘ऑफिसर!’ तो बायकोला म्हणाला.

‘नो, नो. ऑफिस. पेपर. फाइल.’

फाइल मात्र त्याला नीट ऐकू गेलं. त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, फाइलचं नाव काढू नका. परत आल्यावर जखमेच्या पेन्शनसाठी अर्ज केला, तर कुठल्याशा कचेरीतल्या क्लार्कने एका कागदावर तारीख चुकीची घातली. ती दुरुस्त व्हायला नऊ वर्षं लागली. नऊ! तेव्हापासून, तो म्हणाला, मला जगात कोणाचाही राग नाही, ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांचासुद्धा नाही. पण तो क्लार्क भेटला तर. आणि त्याने मूठ आवळली.

मी सीनियर क्लार्क म्हणून निवृत्त झालो. तारखा चुकलेल्या आहेत. माझ्याही हातून.

तर मंडळी, मी गप्प बसलो. तुम्ही मला कमांडर म्हणता ते ठीक आहे, पण त्या मुठीसमोर तुम्ही कोण झाला असतात ते जरा सांगा.

आणि मला तो राग ओळखीचा होता. सेवापुस्तकात १९९१ सालच्या चार महिन्यांची पडताळणी झालेली नाही, या एका शेऱ्यावर माझ्या पेन्शनचा एक हिशेब अजून लोंबतोय. खात्याचं नाव घेत नाही, फाइल अजून त्यांच्याकडे आहे. ते चार महिने मी वडूजलाच होतो. मस्टरवर सह्या आहेत, पण मस्टर सापडत नाही. ज्या टेबलावर मी पंधरा वर्षं लोकांना ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणालो, त्याच टेबलावरचा पोरगा मला ‘काका, पुढच्या आठवड्यात या’ म्हणतो. निरोप समारंभात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, घड्याळावर आडनाव चुकलेलं. साहेबांचं भाषण चाळीस मिनिटं झालं, त्यात माझं नाव दोनदा आलं. एकदा आभारप्रदर्शनात, चहाची सोय मी केली म्हणून. चौतीस वर्षांत ‘तुमच्या सर्व्हिसबद्दल आभारी आहे’ हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं. म्हटलं ते ओहायोत, न केलेल्या सर्व्हिसबद्दल, आणि पडताळणी न करता.

शेवटचं गाणं सूझा नावाच्या अमेरिकन संगीतकाराचं होतं, १८९६ सालचं, १९८७ मध्ये राष्ट्रीय मार्च ठरलेलं. त्यात पिकोलो नावाची वीतभर बासरी वाजवणाऱ्या तीन मुली उठून पुढे येतात आणि साठ माणसांच्या गलक्यावर ती चिमणी चढते. फार सुंदर वाजवलं. मला नीट ऐकता आलं नाही, कारण म्हातारा माझ्यासाठी आइस्क्रीम आणायला गेला होता आणि बँडमास्तर माइकवरून सगळ्या माजी सैनिकांना फोटोसाठी पुढे बोलावत होता. म्हाताऱ्याची बायको मला हाताला धरून उठवत होती. मी पाय दाखवला. ‘लेग,’ मी म्हटलं. ‘ओह,’ ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी लंगडत मोटारीकडे निघालो, तर लोकांनी वाट करून दिली. दोघांनी टोप्या काढल्या. लंगडणं खरं होतं, एवढं तरी कोणीतरी माना.

सुनेने फोन कधी फिरवला होता आणि काय काय चित्रित केलं होतं, ते ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलंच आहे.

गाडीत कोणी बोलत नव्हतं. नातू मध्येच ‘आजोबा, तुमचं जहाज कुठे आहे?’ म्हणाला, त्याला त्याच्या बापाने दटावलं, पण स्वतः खिडकीकडे तोंड करून खांदे हलवत होता. आइस्क्रीम माझ्या हातात वितळत होतं. ते टाकायचंही मन होईना. घराच्या वळणावर आल्यावर ही पहिल्यांदा बोलली.

‘एवढा चांगला माणूस भेटला होता,’ ती म्हणाली, ‘त्या चार महिन्यांवर त्याचीच सही घ्यायची.’