लुओयांगची फुलं आणि आमच्या सासूबाई

एप्रिलमध्ये लुओयांगला फुलं बघायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत झालंय, माणसं बघायची असतील तर मात्र जरूर जा. चीनच्या हेनान प्रांतातलं हे जुनं राजधानीचं गाव, 1983 पासून इथे दरवर्षी पिओनीचा उत्सव भरतो, तिकडे या फुलाला मुदान म्हणतात. गावभर मोठमोठ्या बागा, हजारावर जाती, कमरेएवढी झुडपं आणि त्यावर वीतभर रुंद फुलं, हे सगळं ऐकायला फार छान आहे. पण एक फूल टिकतं जेमतेम आठवडाभर, खरा बहर एप्रिलच्या मध्याला, त्यामुळे अख्खा चीन एकाच शनिवारी तिथे उतरतो. त्यात आम्ही चौघं.

आम्ही शांघायला राहतो, सासू-सासरे तासगावहून आले होते. सासूबाईंना फुलं बघायची होती आणि सासऱ्यांना तिथलं पांढऱ्या घोड्याचं देऊळ, म्हणजे बाईमा मंदिर. दोन भारतीय भिक्खू आले म्हणून इसवी सन 68 मध्ये ते बांधलं असं मानतात आणि आवारात सांचीच्या स्तूपासारखं एक भारतीय मंदिरही बांधलंय, त्याचं उद्घाटन 2010 मध्ये आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटलांनी केलं. सासरे हे प्रत्येकाला सांगतात, ट्रेनमधल्या शेजारच्या चिनी आजोबांनाही त्यांनी मराठीतून सांगितलं, त्यांनी मान डोलावली.

बागेचं नाव सांगत नाही, सगळ्या बागांत तेच चालू असणार. दारात पासपोर्ट, क्यूआर कोड, बॅगांचं चेकिंग, आणि आत शिरलं की पहिलं दर्शन हानफूवाल्या पोरींचं. हानफू म्हणजे तिकडचा जुना पारंपरिक पोशाख, भाड्याने मिळतो, मेकअप आणि अंबाड्यातल्या फुलांसकट. प्रत्येकीबरोबर एक फोटोग्राफर, त्याच्याबरोबर रिफ्लेक्टर धरणारा एक, त्याच्यामागे पर्स धरून उभा असलेला नवरा किंवा बॉयफ्रेंड. या शेवटच्या माणसाशी माझं मनोमन नातं जुळलं कारण माझ्या एका खांद्यावर सासूबाईंची पर्स, दुसऱ्यावर सासऱ्यांचा थर्मास आणि काखेत बायकोची छत्री होती.

उन्हापासून जपायला काही ताटव्यांवर हिरवी जाळी ताणली होती. सासरे तिथेच थांबले. "शेडनेट आहे हो! आपल्याकडं ढोबळीला घालतात." मग पुढची दहा मिनिटं ते फुलांकडे न बघता जाळीचे बांबू आणि गाठी तपासत होते, पन्नास टक्क्याची असावी म्हणाले.

तिकडे सासूबाई पाट्यांशी भांडत होत्या. मुदानचे नऊ रंग मानतात, त्यात निळा आणि काळाही आहे, आता निळ्या पाटीखाली जे काही आहे ते जांभळट गुलाबी आहे हे कुणीही सांगेल. पण सासूबाईंचं आयुष्य साड्यांच्या दुकानांत गेलेलं, त्यांना नुसतं जांभळट म्हणून भागत नाही. "निळा कुठाय, हा फिका वांगी कलर! आणि तो काळा म्हणे, आमसुली आहे तो, धुतला की कळेल." हिरव्या पाटीसमोर म्हणाल्या, "हे अजून उमललेलंच नाही, कच्चं आहे." आणि एअर चाओ नावाचं एक असतं, एकाच फुलात अर्धा भाग गडद आणि अर्धा फिका, त्यावर मात्र प्रसन्न झाल्या, "ही धूपछाँव! ही घेण्यासारखी आहे." घ्यायची नाहीये आई, असं बायको दोनदा म्हणाली.

फुलांचा राजा म्हणजे याओ हुआंग, पिवळा. राणी वेई झी, जांभळी. राणीपाशी थोडी तरी जागा होती, राजासमोर मात्र पंढरपूरची मुखदर्शनाची रांग, फरक एवढाच की इथे पुढे ढकलायला सेवेकरी नाही, त्यामुळे जो पुढे पोचतो तो तिथेच मुक्काम करतो. मी पोचलो तेव्हा माझ्या आणि राजाच्या मध्ये सहा सेल्फी स्टिका, एक ड्रोनवाला आणि एक लहान मुलगा होता, तो बापाच्या खांद्यावर बसून अंडं खात होता. राजा मला समोरच्या बाईच्या मोबाईलच्या स्क्रीनवर दिसला. चांगला होता.

तेवढ्यात मी सासूबाईंना दंतकथा सांगितली. सम्राज्ञी वू झेतियानने भर थंडीत हुकूम सोडला, सगळ्या फुलांनी उद्या फुलायचं. बाकीची मुकाट्याने फुलली, मुदान ऐकेना, म्हणून चिडून तिने त्याला तेव्हाच्या राजधानीतून, चांगआनहून, लुओयांगला हाकललं. आता गंमत अशी की बाईंचं स्वतःचं आवडतं गाव लुओयांगच, पुढे 690 मध्ये गादीवर बसल्यावर राजधानीही तिथेच केली. म्हणजे शिक्षा म्हणून बदली, ती साहेबांच्या स्वतःच्या बंगल्याशेजारी. "मग रागावली कसली," सासूबाई म्हणाल्या, "आधीच ठरलं असणार दोघांचं."

खरा घोटाळा पुढे झाला. चीनमधल्या रिटायर झालेल्या बायकांचा फोटोचा एक पक्का शिरस्ता आहे, रंगीत ओढण्या आणायच्या, गॉगल लावायचा, ओढणी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून वाऱ्यावर सोडायची आणि हसायचं. अशी एक आख्खी टोळी समोरून आली आणि त्यांना सासूबाईंची इरकली दिसली. पुढच्या मिनिटाला सासूबाई त्यांच्या मध्यभागी, पदर दोन्ही हातांनी वर, गॉगल कुणाचातरी. भाषेचं काहीच अडलं नाही, त्या चिनीत बोलत होत्या, ह्या मराठीत, "अगं इकडून घे, इकडून, ऊन येतंय." मग दुसरी टोळी आली. मग हानफूवाल्या पोरी. शेवटी सासूबाईंबरोबर फोटो काढायला चक्क रांग लागली आणि मागची फुलं कुणीच बघेना. मी फोटो काढत होतो, पर्स सांभाळत होतो आणि मधूनमधून "यिंदू, यिंदू" म्हणून कुठले आहोत ते सांगत होतो. सासरे बाकावर बसून थर्मासमधलं गरम पाणी पीत होते, या देशात गरम पाणी कुठेही मिळतं हे त्यांना चीनबद्दल सगळ्यात आवडलेलं.

जेवायला पाणी-मेजवानीतला, म्हणजे लुओयांगच्या रस्सेदार पदार्थांच्या पारंपरिक जेवणातला, प्रसिद्ध पदार्थ मागवला, मुदान यानत्साय. 1973 मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी कॅनडाच्या पंतप्रधानांना खिलवला तेव्हा वर अंड्याचं फूल होतं म्हणून हे नाव पडलं म्हणतात. सासूबाईंनी अंडं बघून वाडगा माझ्याकडे सरकवला, पण आधी काडीने ढवळून निकाल दिला, "मुळा आहे हा. बारीक चिरलाय, एवढंच." मुळाच असतो तो. सासूबाईंनी मग सोबत आणलेल्या दशम्या काढल्या आणि पाकळ्यांच्या सारणाचा मुदान केक बॉक्सभर बांधून घेतला, तो शेजारणींना द्यायचा.

परतीच्या ट्रेनमध्ये सासरे डब्यातल्या गरम पाण्याच्या नळाखाली डिपडिपचा चहा करत होते आणि सासूबाईंनी मला व्हीपीएन लावायला सांगितलं, चीनमध्ये व्हॉट्सअप त्या पळवाटेशिवाय चालत नाही. रडतखडत व्हॉट्सअप चालू झालं आणि सगळे फोटो माहेरच्या ग्रुपवर गेले, रेशमी कपडे, डोक्यात फुलं माळलेल्या पोरी, ओढण्या, मध्ये इरकली नेसलेल्या सासूबाई. कवठ्याच्या मामींचं लगेच उत्तर आलं.

"कळवलं पण नाहीस! लग्न कुणाकडचं?"

सासूबाई उत्तर टाईप करायला लागायच्या आत दुसरा मेसेज, "पोरी छान आहेत, आमच्या बंड्यासाठी विचारून ठेव."

सासूबाईंनी चष्मा लावला आणि फोटो परत पहिल्यापासून बघायला घेतले, या वेळी नीट झूम करून.