कागद वाचवा, पण झेरॉक्स आणा!

बँकेचा पुन्हा तोच एसेमेस: ‘ई-स्टेटमेंट घ्या, झाडं वाचवा.’ अहो, याच आठवड्यात केवायसीसाठी तिसऱ्यांदा आधार-पॅनची झेरॉक्स मागितलीत, वर क्रेडिट कार्डाचं जाडजूड पाकीट घरी धाडलंत! पासबुकाचं मशीन तर कायमचं बंद. तेही पर्यावरणासाठीच का?

परवा विचारलं, ग्रीन डिपॉझिट, म्हणजे ज्यातला पैसा पर्यावरणपूरक कामांनाच लावायचा अशी ठेव, आहे का? काउंटरवरच्या ताईंनी विम्याचा फॉर्म पुढे सरकवला. अशा ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेची नियमांची चौकट १ जून २०२३ पासून लागू आहे. तो पैसा कोळसा-तेल काढायला द्यायचा नाही, कुठे लावला ते जाहीर करायचं. छान. पण माझ्या साध्या एफडीचं काय? ती कुठल्या खाणीत गेली, कोण सांगणार? मॅनेजरच्या केबिनबाहेरचं प्लास्टिकचं झाड मात्र हिरवंगार होतं!