एक स्कॅन स्वच्छ आला म्हणून बिडी पचली असे होत नाही

वसमतच्या माझ्या थोरल्या मामांना तरुणपणापासून रोज दोन बंडल बिडी लागते. मागच्या वर्षी मोठ्या मिनतवारीने त्यांनी छातीचा लो-डोस, म्हणजे कमी किरणांचा, सिटी स्कॅन करून घेतला आणि तो स्वच्छ आला. यंदा मात्र त्यांनी साफ नकार दिला, कारण भावकीच्या ग्रुपवर फिरणारा एक मजकूर त्यांच्या वाचनात आला. त्यात म्हटले आहे की, ज्याचा स्कॅन एकदा स्वच्छ आला त्याच्या फुप्फुसांना धूर बाधत नाही. दरवर्षीचा स्कॅन ही लूट आहे. त्याच्या किरणांनीच कॅन्सर होतो. फार तर साधा एक्स-रे काढावा. आणि तुकडा काढून तपासण्यासाठी गाठीला सुई लावली की ती पसरते.

यातला पहिला दावा सर्वांत घातक आहे. स्कॅन फक्त त्या दिवशी फुप्फुसात दिसण्याजोगे काय आहे तेवढेच दाखवतो. पुढच्या वर्षीची हमी तो देत नाही, आणि ज्याची बिडी चालूच आहे त्याला तर मुळीच नाही. अमेरिकेतील नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायलमध्ये 55 ते 74 वयाच्या, दीर्घकाळ भरपूर सिगारेट ओढलेल्या 53 हजारांहून अधिक लोकांची तीन वर्षे दरवर्षी तपासणी झाली. त्यांचे दोन गट होते. ज्या गटाचा सिटी स्कॅन होत होता, त्या सिटी गटात तपासणीतून पहिल्या फेरीत 270, दुसऱ्या फेरीत 168 आणि तिसऱ्या फेरीत 211 कर्करोग सापडले. म्हणजे निम्म्याहून अधिक कर्करोग पहिल्या फेरीनंतरचे आहेत. पहिल्या स्कॅनवर समाधान मानून हे लोक घरी बसले असते, तर त्यांचा आजार खोकल्यात रक्त पडेपर्यंत कळला नसता, आणि तोवर बहुतेकदा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते.

एक्स-रेचा सल्लाही याच अभ्यासाने निकाली काढला आहे, कारण दुसऱ्या गटाचे दरवर्षी एक्स-रेच काढले होते. त्यांच्या तुलनेत सिटी गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले. बरगड्या, हृदय आणि गळपट्टीच्या हाडामागची लहान गाठ एक्स-रेमध्ये सहज झाकली जाते.

किरणांचे भय अतिशयोक्त आहे. लो-डोस स्कॅनमध्ये सुमारे 1.5 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारे किरण मोजायचे एकक) किरणोत्सर्ग मिळतो, तर निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतो. धोका शून्य नाही. पण रोज दोन बंडल ओढणाऱ्याने त्याची धास्ती घ्यावी, हे मला पटत नाही.

लुटीच्या आरोपात मात्र थोडे तथ्य आहे, ते मान्य करावे लागते. पॅकेजच्या नावाखाली पस्तिशीतल्या, कधीही न ओढणाऱ्या माणसाला हा स्कॅन विकणे चूकच आहे. अमेरिकेतील 2021 ची शिफारससुद्धा 50 ते 80 वयाच्या, भरपूर ओढणाऱ्या किंवा गेल्या 15 वर्षांत सोडलेल्या लोकांपुरतीच आहे. शिवाय त्या अभ्यासातील संशयास्पद निकालांपैकी 96 टक्क्यांहून अधिक शेवटी कर्करोग नव्हते. आपल्याकडे क्षयाचे जुने व्रण अनेकांच्या छातीत असल्याने असे खोटे इशारे मिळणारच. त्यावर उपाय आहे, आणि तोही पुन्हा स्कॅन हाच आहे. मागच्या वर्षीची सीडी जवळ असेल तर जुना व्रण जसाच्या तसा आहे की गाठ वाढते आहे, हे डॉक्टरांना शेजारी-शेजारी ठेवून पाहता येते. म्हणूनच मामांना ती सीडी जपून ठेवायला सांगितले आहे.

सुईने कर्करोग पसरणे अत्यंत विरळ आहे. सुईचा खरा धोका फुप्फुसातून हवा गळण्याचा असतो आणि त्यावर उपचार आहेत. बहुतेक लहान गाठींना तर सुई लावावीच लागत नाही, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून पाहिले जाते.

हे सारे लक्षणे नसलेल्यांसाठी आहे. ज्याच्या थुंकीत रक्त दिसते, वजन घटते किंवा आवाज बसलेला सुटत नाही, त्याने वार्षिक स्कॅनची वाट पाहू नये. बेडक्याच्या तपासणीसह डॉक्टरांकडून लगेच निदान करून घ्यावे.