कार्बोरेटरचा गळा घासला की पिकअप वाढतो?

“एअर फिल्टर काढा, व्हेंचुरी पॉलिश पेपरने घासून रुंद करा, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बारीक ड्रिलने मोठा करा. पिकअपही वाढेल, मायलेजही.” घरच्या घरी बाईक ‘सुधारण्याचा’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय.

आधी व्हेंचुरी. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा हा गळा मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या घटलेल्या दाबामुळेच फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोल वर येतं. गळा रुंद केला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, ओढ कमजोर होते, पेट्रोलचे थेंब जाड राहतात. थ्रॉटल पिळला की गाडी आधी घुटमळते, मग निघते. ज्या पिकअपसाठी एवढा खटाटोप, तोच गेला! फायदा झालाच तर वरच्या आरपीएमला, तोही इंजिनचे पोर्ट (हवेच्या वाटा) आणि व्हॉल्व्ह तेवढी हवा आत घेऊ शकत असतील तर. शिवाय स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी झडप) जिथे सरकते तिथे पेपर फिरला, तर बाजूने हवा शिरते आणि आयडलिंग धड बसत नाही.

आता ड्रिल. 1.00 मिमीचं भोक 1.10 मिमी केलं की क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढतं, वर कडेला बुरं (धातूचा खरखरीत काठ) राहतं ते वेगळंच. आणि मेन जेटचा खरा अंमल साधारण पाऊण थ्रॉटलच्या पुढे. रोजच्या चालवण्यात काम करतात पायलट जेट (कमी थ्रॉटलचं भोक) आणि नीडल (मधल्या थ्रॉटलची सुई). त्यांना तर हातही लावलेला नसतो.

मायलेजचं तर गणितच उलटं. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते. जास्तीत जास्त ताकद मिळते ती 12.5 ते 13 भाग हवेच्या आसपास, म्हणजे जास्त पेट्रोल जाळून.

फिल्टर काढला की धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा झिजवते. जेट तोच ठेवला तर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन इंजिन तापतं.

एक मात्र मान्य: फिल्टर आणि सायलेन्सर दोन्ही मोकळे बसवले असतील, तर जेटिंग (जेटचे आकार) बदलावंच लागतं. पण त्यासाठी तयार जेट मिळतात. एका वेळी एकच पायरी चढा आणि प्लगचा रंग बघा: काजळी म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), पांढराफटक म्हणजे लीन. त्याआधी पायलट जेट तुंबलेला नाही ना, तेवढं तपासा. मूळ जेट डबीत जपून ठेवा.