गुलामीची बंदूक आणि आमचा दादा

ऑक्टोबरातल्या एका रविवारी संध्याकाळी माझ्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. "जालियनवाला बागेत चालली ती हीच बंदूक ना? आणि तू हौसेने फोटो टाकतोस?" तो आमच्यात सगळ्यांत मोठा, म्हणून सगळे त्याला दादाच म्हणतात. त्या ओळीच्या वर मी टाकलेला फोटो होता: ओल्या गवतावर पालथा पडलेला मी, पोट जरा जास्तच दिसतंय, आणि खांद्याला ली-एनफिल्ड, इंग्रजी फौजेची जुनी रायफल. पुतणीने अंगठा दिला होता, मामीने हात जोडले होते. मामी कशालाही हात जोडते.

दादाची ओळ आभाळातून पडली नव्हती. आठवडाभर ग्रुपवर गुलामीच्या खुणा हाच विषय चालू होता. रस्त्यांची नावं, नौदलाचा नवा झेंडा, बीटिंग रिट्रीटमधून काढलेली इंग्रजी धून. दादाचं म्हणणं थोडक्यात असं, की इंग्रजांचं जे जे उरलंय ते वेचून बाहेर टाका. मी गप्प होतो. बाहेर राहणाऱ्याने अशा वेळी तोंड उघडलं की "तुला काय, तू तिकडे" हे ठरलेलं असतं. पण गाडी रायफलीवर आली तेव्हा राहवलं नाही. (बंदूक नव्हे, रायफल. हेही मी ग्रुपवर लिहिलं. लिहायला नको होतं.) पुढे लिहिलं, "माझी १९४५ सालची आहे. जालियनवाला १९१९."

असं उत्तर देणारा माणूस मला एरवी अजिबात आवडत नाही.

तरी माझं म्हणणं मांडतोच, कारण दादाने नंतर ते वाचलंच नाही. माझ्या रायफलीच्या मनगटावर, म्हणजे बोल्टच्या मागे हात धरतो तिथल्या पितळी नव्हे तर पोलादी पट्टीवर, एक मुकुट आहे. खाली जी. आर. आय., मग 'ईशापूर' आणि साल. त्यातला 'आय' म्हणजे सम्राट, आपल्या हिंदुस्थानचा सम्राट. जून १९४८ मध्ये राजाने ती पदवी सोडली. म्हणजे ज्या अक्षराचा दादाला राग येतो ते कोरलंय कोणी, तर बंगालमधल्या कारखान्यातल्या आपल्याच कामगाराने. पुढे मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. रायफल तीच राहिली. तीच घेऊन आपले जवान १९४७-४८ ला काश्मिरात लढले, १९६२ ला बर्फात उभे राहिले. ती गुलामीची असेल तर कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच दादाने सांगावं.

इथे बिझलीला, म्हणजे इंग्लंडात सरे परगण्यातल्या नेमबाजीच्या मैदानावर, ईशापूरच्या रायफलीला फार मान नाही, हेही सांगून टाकतो. एनफिल्डची बनावट चांगली, बीएसएची चांगली, कॅनडाच्या लाँग ब्रँचची तर काय विचारता. ईशापूर म्हटलं की क्लबातले म्हातारे हसून "अहा, द इशी!" म्हणतात. दस्त्यात आडवा स्क्रू घातलेला दिसला की मान हलवतात. लाकूड फाटू नये म्हणून आपल्याकडे तो घालत. त्यांना ती जुगाडाची खूण वाटते. मला ते हसू टोचतं, आणि म्हणूनच बहुधा मी लाँग ब्रँचची नंबर फोर (ली-एनफिल्डचंच नंतरचं मॉडेल) घेतली नाही. तिच्या मागच्या भोकाच्या साइटवर निम्मे गुण फुकट मिळतात असं मी स्वतःच सांगत फिरतो.

दादाला वाटतं मी इंग्रजांची बंदूक मिरवतो. क्लबाला वाटतं मी हिंदुस्थानची मिरवतो. क्लबाचं जास्त खरं आहे. मी कधी ते नाकारलंही नाही. एका हिंदी माणसाकडे हिंदी रायफल आहे, ह्यात त्यांना मजा वाटते आणि मी ती मजा पुरवतो.

आता मॅच. जुन्या लष्करी बोल्ट-ॲक्शन रायफली, स्टिकलडाउन रेंज, आधी ९०० यार्ड आणि मग १०००. प्रत्येक अंतरावर दोन सायटर (नेम जुळवायच्या गोळ्या, गुणांत न धरलेल्या) आणि दहा गोळ्या. हजार यार्ड म्हणजे किलोमीटरला थोडं कमी. तिथला काळा ठिपका उघड्या साइटमधून बघताना माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीच्या, मागे चक्क गडप होतो. माशी ठिपक्याहून रुंद पडते. मग ठिपक्यावर नेम धरायचाच नाही, माशीच्या डाव्या-उजव्या बाजूला पांढरी चौकट किती उरली ते मोजायचं. एनसीसीतले आमचे उस्ताद म्हणायचे, "शिस्त दुरुस्त, मग बाकी सगळं." एनसीसीच्या कँपात, १९८६ साली, पाच गोळ्यांसाठी आम्ही चार तास उन्हात बसलो होतो. ट्रिगरचा पहिला पुल, दुसरा पुल, दम रोखायचा. इथे एवढ्या वर्षांनी ट्रिगरवर बोट गेलं की डोक्यात हिंदीच येतं. इंग्रजी येत नाही, आणि मराठीही येत नाही.

त्या दिवशी वारा डावीकडून होता. दहा मैल वेगाचा आडवा वारा हजार यार्डांवर ह्या गोळीला अडीच-तीन मीटर सहज ढकलतो, आणि माझ्या रायफलीला वाऱ्यासाठी फिरवायचा स्क्रू नाही. युद्धकाळात खर्च वाचवायला तो काढून टाकला होता. त्यामुळे नेम धरायचा तो टारगेटच्या चौकटीबाहेर, डाव्या अंगाला, नंबराच्या पाटीकडे. गोळी पोचायला दोन सेकंदांच्या आसपास लागतात. ट्रिगर दाबला, धक्का बसला, बोल्ट मागे ओढून रिकामी केस हातात घेतली, तरी अजून वाट बघायची. मग टारगेट खाली जातं. बट्समध्ये, म्हणजे टारगेटखालच्या खंदकात, कोणीतरी भोकात चकती लावतो आणि टारगेट वर येतं. शेजारी बसलेला गडी गुण पुकारतो. माझं आडनाव सहस्रबुद्धे. बारा वर्षांत ते कुणी पुरतं पुकारलेलं नाही. "मिस्टर सॅहॅस, सेकंड सायटर, फोर." मी पण दुरुस्त करणं सोडून दिलंय.

ह्या रायफलीची एक गंमत आहे, ती बंदुकीत रस नसलेल्यांनीही ऐकावी. ली-एनफिल्डच्या बोल्टचे अडकणारे कान मागच्या बाजूला असतात, माउझरसारखे पुढे नसतात. त्यामुळे गोळी सुटताना सगळी रायफल किंचित लवते आणि नळीचं तोंड हलतं. जी गोळी जरा मंद सुटते ती जरा उशिरा, थोड्या वरच्या कोनात बाहेर पडते. वेगवान गोळी खालच्या कोनात. जवळच्या टारगेटवर ह्याने गोळ्या विखुरतात. पण हजार यार्डांच्या आसपास मंद गोळीचं जास्त पडणं आणि तिचा वरचा कोन एकमेकांना खाऊन टाकतात आणि दोन्ही गोळ्या जवळपास एकाच उंचीवर लागतात. जवळून बघितलं तर सुमार, लांबून बघितलं तर नेमकी. हे दादाला लिहिलं असतं तर तो म्हणाला असता, "तुझ्यासारखीच." म्हणून नाही लिहिलं.

हजारवर सातव्या गोळीला वारा क्षणभर पडला. झेंडे लोंबले, मी मात्र आधीचाच नेम धरून बसलेला. पंचेचाळीस सेकंदांत गोळी सोडायची घाई होती. माझं टारगेट खाली गेलंच नाही. दोन क्षणांनी डावीकडच्या माणसाचं टारगेट खाली गेलं, त्याने अजून गोळी मारलीच नव्हती. माझी गोळी त्याच्या टारगेटवर, माझ्या नावावर शून्य. तो हसून म्हणाला, "थँक यू, इशी." शेवटी ९०० ला ३८ आणि १००० ला २९, शंभरात ६७. यादीत मधोमध.

माघारी ब्रुकवुड स्टेशनाकडे येताना मी पारशांच्या थडग्यांवरून आलो. वाट थोडी वाकडी आहे. तिथे जमशेटजी टाटा आहेत, १९०४ पासून, दगडी घुमटीत. नंतर दोराबजीही तिथेच आले. मी तिथे उभा राहून फोनवर दादासाठी दुसरा मुद्दा टाइप केला: ह्याच जमशेटजींनी नागपुरात गिरणी काढली, १ जानेवारी १८७७ ला, राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, आणि नाव ठेवलं एम्प्रेस मिल. मग टाटांना काय म्हणायचं? मुद्दा बिनतोड होता. थडग्यापाशी उभं राहून घरच्या ग्रुपशी भांडणारा माणूस कसा दिसतो हे कळायला मात्र पुढची गाडी चुकावी लागली.

दादाच्या मदतीला मधल्या काळात धाकटा मामेभाऊ आला होता. तो मुंबईत असतो. त्याने लिहिलं, "२६/११ ला सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात हीच थ्री नॉट थ्री होती, समोर एके-४७. तुमचा खेळ होतो." ह्याला मी काही लिहिलं नाही. तो बरोबर आहे. जी वस्तू इथे मखमलीच्या पिशवीतून येते ती तिकडे पोलिसाच्या खांद्यावर गंजत राहिली, कारण दुसरी द्यायला पैसे निघत नव्हते. तिकडे ती एकतर गुलामीची लाज किंवा सरकारी कंजूषपणाची लाज. इथे तीच वारसा. वारसा म्हणायची चैन त्यालाच परवडते ज्याला ती घेऊन कोणावर चालून जायचं नाही.

पण एक गोष्ट मी दादाला ऐकवणार होतो आणि अजूनही ऐकवेन. गुलामीची खूण शोधायची तर रायफलीत कशाला, कायद्यात शोध. १८७८ चा हत्यारांचा कायदा इंग्रजांचा, आपल्याला निःशस्त्र करणारा. आपल्या पुढाऱ्यांनी त्याविरुद्ध किती ठराव केले. मग १९५९ ला आपला कायदा आला, आणि थ्री नॉट थ्री आजही साध्या नागरिकाला मना आहे, निषिद्ध बोअर. ईशापूरला बनलेली रायफल मी सरेमध्ये बाळगू शकतो, पुण्यात नाही. इथे जीपीचं, म्हणजे आपल्या डॉक्टरचं, पत्र लागतं, पोलीस घरी येऊन कपाट भिंतीला बोल्टने ठोकलंय का बघतो, काडतुसं किती ते कागदावर लिहिलेलं असतं. गेल्या खेपेला नूतनीकरण महिनोन्महिने रखडलं. पण रखडलं तरी झालं, आणि चहापाण्याचं कोणी विचारलं नाही. तिकडे बंदूक दिसते कुठे, तर नगरसेवकाच्या कमरेला.

हे लिहून झाल्यावर मीच थबकतो. तिकडे सगळ्यांना रायफली मिळाव्यात असं मला वाटतं का? मुळीच नाही. मला फक्त माझी तिकडे न्यायची आहे, आणि तीही बहुधा नाही. अंजली भागवतने २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ह्याच बिझलीला चार सुवर्णपदकं घेतली, कोल्हापूरच्या राधानगरीकडचा स्वप्निल कुसाळे पॅरिसहून कांस्य घेऊन आला. ती माणसं तिकडेच राहून, तिकडचाच कायदा पाळून नेम लावतात. माझा मुद्दा इथेच थोडा लंगडतो.

आणि अजून एक आहे, जे ग्रुपवर मी येऊच दिलं नाही. बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. आमचं घर रेंज हिल्सच्या क्वार्टरमध्ये. सकाळचा भोंगा झाला की आई कुकर लावायची. १८६९ पासूनचा कारखाना. मागच्या वर्षी इथल्या एका जत्रेत, जुन्या बिल्ल्यांच्या टेबलावर, मला एक निकामी काडतूस मिळालं. बुडाला के. एफ., साल ५७. के म्हणजे किर्की, आमची खडकी. बाबा तिथे लागले त्याच्या नऊ वर्षं आधीचं. तरी मी ते घेतलं, आणि ते माझ्या टेबलावर असतं. दादाची ओळ वाचली तेव्हा मला आधी तेच आठवलं. जालियनवाला बागेत १६५० गोळ्या झाडल्या. हिंदुस्थानात तेव्हा थ्री नॉट थ्रीची काडतुसं डमडमला व्हायची आणि खडकीला. पुढचं मी शोधलं नाही. शोधता आलं असतं. "माझी १९४५ ची आहे" हे उत्तर एवढ्या झटकन का आलं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

घरी आल्यावर केटल लावली. हल्लीच्या काडतुसांना गरज नाही, पण जुन्या काडतुसांच्या बुडातल्या टोप्यांच्या क्षाराने नळी गंजायची म्हणून उस्ताद उकळतं पाणी ओतायला लावत, आणि मी अजून ओततो. मग फुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, त्यात चिंदी, वरून खाली तीनदा. पहिली चिंदी काळी, दुसरी करडी, तिसरी जवळपास पांढरी. "ते नरसाळं माझं आहे," बायको आतून म्हणाली. "तेल लावून परत ठेवू नकोस."

फोन वाजत होता. ग्रुपवर त्रेसष्ट मेसेज. मी हात पुसून वर-वर सरकवत गेलो. माझा एम्प्रेस मिलचा मुद्दा सापडला, खाली काही नाही, मामीचे हात सोडले तर. त्याखालचं सगळं पुतणीच्या लग्नाचं. हॉलचं भाडं, जेवण पंगतीत की बुफे. धाकट्याचं बुफे, मामीचं पंगत, दादाचं पंगत आणि तेही केळीच्या पानावर.

मी ताबडतोब टाइप केलं, "पंगतच. बुफेत म्हाताऱ्यांचे हाल होतात." दोन निळ्या टिका आल्या. मग दादाची ओळ आली.

"तू येणार आहेस, की नुसतं मत?"

मी नरसाळं धुवायला घेतलं.